द्राक्षांचा रविवार

आरागात्स डोंगरावर, ढगांच्याही वर
आमचं केंद्र. पत्र्याचं छप्पर, डिझेलचा वास,
आणि आकाशातून कोसळणारे अदृश्य कण
रात्रंदिवस मोजणारी यंत्रं.
कुठून येतात ते, कुणालाच नीट ठाऊक नव्हतं.
तरी मोजायचो.

अरुस्याक समोरच्या टेबलाशी बसे.
गणितात माझ्या दोन पावलं पुढे,
हे मी तेव्हा कबूल केलं नाही.
तिच्या खणात नोंदवही, वाळवलेले जर्दाळू
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या मेणबत्त्या.
वीज गेली की लागतात, म्हणायची.
वीज न जाताही त्या तोकड्या होत गेल्या.

त्या काळी शहरातून माणसं येत, आम्हाला तपासायला.
त्यातल्या एका जाडजूड साहेबाने सगळ्यांदेखत विचारलं,
"एवढं शिकूनसवरून तुम्ही असलं काही मानता?"
तिनं चष्मा पुसला.
"साहेब, तिसरं यंत्र चुकीचं मोजतंय.
ते आधी बघू या का?"
ते खरंच चुकीचं मोजत होतं.
बढती मात्र रखडली ती रखडलीच.

जुलै सरता सरता दरीतून द्राक्षांची पेटी वर यायची.
आम्ही तुटून पडायचो. ती हात लावत नसे,
ऑगस्टातल्या त्या रविवारी
देवळात द्राक्षांना आशीर्वाद मिळेपर्यंत.
मी डिवचलं, "प्रार्थनेनं साखर वाढते का गं?
मोजायची?"
"तेवढीच राहते. मोजली होती मी,
कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना."
"मग?"
"मग काय! साखरेसाठी कोण थांबतंय?"

मग तो हिवाळा. बर्फ दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत,
आणि माझ्या आलेखात एक शिखर उगवलं,
सुईसारखं, एकटं, देखणं.
मी रात्रभर जागाच. मनातल्या मनात
मॉस्कोच्या सभागृहात टाळ्या पडत होत्या.
अरुस्याकनं अकरा रात्री जुन्या नोंदी चाळल्या,
बोटं फुंकत, कोटावर कोट चढवून.
बाराव्या सकाळी म्हणाली,
"झावेन, तुझं शिखर फक्त गुरुवारी उगवतं.
गुरुवारी आपण जनरेटर बदलतो."

मी, कशावरही विश्वास नसलेला,
आठवडाभर त्या रेघेवर डोळे झाकून विश्वासलो होतो.
आणि ही, मेणबत्त्या लावणारी बाई,
तिला एकही रेघ फुकट पटत नव्हती.
लाज वाटायला हवी होती. मला राग आला.
"आणि तुझा तो?" मी ओरडलो.
"तो कुठल्या वहीत नोंदवलास?
त्याचे गुरुवार तपासलेस कधी?"

ती बराच वेळ स्टोव्हपाशी उभी राहिली.
चहा उतू गेला, तरी उभीच.
"रोज तपासते," म्हणाली.
"कधी वाटतं, तिकडून कुणी बोललं.
कधी तो नुसता जनरेटर असतो.
तरी मोजते."
मग फडकं घेऊन सांडलेलं पुसू लागली.

गेल्या मार्चमध्ये तिला पुरलं.
पाद्री जुन्या आर्मेनियनमध्ये म्हणत होता,
मला त्यातले चारच शब्द कळले,
त्यातला एक भाकर.

मी अजूनही काही मानत नाही.
हे स्वच्छ अक्षरात लिहून ठेवतो,
उगाच कुणी शेवटी माझा धर्म बदलू नये.

परवा येरेवानच्या बाजारात पहिली द्राक्षं दिसली.
किलोभर घेतली, सवयीनं.
घरी आणून धुतली, पुसली,
आणि फ्रीजमध्ये मागे सरकवून ठेवली.
आज एकोणिसावा दिवस. साली सुरकुतल्यात.
नात म्हणाली, "आजोबा, सडवताय का ही?"
"मोजतोय," मी म्हणालो.
काय, ते तिनं विचारलं नाही.